पेठेतला एकटा दोरवाला

घाटात अजून गाडीवाट फुटली नव्हती, मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरूनच चढत-उतरत होते, त्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावीच. पण ज्यांचे दुकान आहे आणि ज्यांच्या दुकानासमोर दुसरे दुकान उघडले आहे, अशा मोठ्यांनी जरा जवळ सरकून ऐकावी.

घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. खालून मिठाच्या गोणी लादून लमाणांचे तांडे यायचे आणि पेठेत मुक्काम करायचे. बैलांच्या खुरांना नाल ठोकून घ्यायचे, फाटक्या गोणी शिवून घ्यायचे, नवे दोर विकत घ्यायचे आणि मग घाट चढू लागायचे. या सगळ्यांत दोर मोठ्या जोखमीचा. बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोणी दोरानेच आवळलेल्या असत. वाट अरुंद, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. दोर तुटला की गोण घसरायची, आणि गोण घसरली की बैलाचा तोल जायचा.

पेठेत दोर वळायचे ते तुळाजीने. त्याच्या बापाने तेच केले होते, आजोबानेही तेच. त्याच्या अंगणात दहा माणसे अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, पिंजत, पीळ देत, दोर ताणत. माल चांगला होता. तांडेवाले तो डोळे मिटून घ्यायचे.

त्या दहा माणसांपैकी एक जण तापाने गेला. त्याची बायको चिमाबाई मागे राहिली. नवऱ्याशेजारी बसून बारा वर्षे तिनेही वाख पिंजला होता. दिवसकार्य होऊन गेल्यावर तिने आपल्या परसात दोन खुंट ठोकले आणि स्वतः दोर वळायला सुरुवात केली. तुळाजीला ते कळले तेव्हा तो हसला. "करू दे बिचारीला," तो बायकोला म्हणाला. "तिच्या पोटापुरतं निघेल."

पण वर्ष होता होता निराळेच घडू लागले. थावरा नाईकाचा तांडा सगळ्यांत मोठा, तीनशे बैलांचा. तो नाईक तुळाजीच्या अंगणात आला, नेहमीच्या निम्मेच दोर घेतले, आणि उरलेले घ्यायला चिमाबाईच्या परसाकडे गेला. पुढच्या खेपेला निम्म्याचेही निम्मे घेतले.

तुळाजीला झोप लागेना. तो मूर्ख माणूस नव्हता. हातपाय आपटण्यापेक्षा आधी समजून घ्यावे, असे त्याने ठरवले. चिमाबाईच्या परसामागे एक टेकाड होते. रोज सकाळी तो त्या टेकाडावर जाऊन करवंदीच्या जाळीआड बसू लागला. ती किती दोर वळते, वाख कुणाकडून आणते, किती पदरांचा पीळ घालते, कोण कधी येतो, काय घेऊन जातो, सगळे तो पाहू लागला. एकदा एका धनगराने त्याला हटकले, "तुळाजीशेट, इथं काय करताय?"

"म्हैस हरवली आहे, ती बघतोय," तुळाजी म्हणाला.

धनगराने टेकाडावरून चहूकडे पाहिले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. तुळाजीचे कान तापले. पेठेतला एवढा मोठा माणूस, एका विधवेच्या परसात चोरून बघत बसला होता. पण घरी पोचेपर्यंत त्याने मनाची समजूत घातली की धंद्यात हे करावेच लागते.

सहा महिन्यांत त्याला चिमाबाईच्या धंद्याची खडान्‌खडा माहिती झाली. आणि एक गोष्ट त्याच्या चांगलीच लक्षात आली. तिच्याकडे वाखाचा साठा नव्हता. आठवड्याला लागेल तेवढाच वाख ती नदीकाठच्या दोन शेतकऱ्यांकडून आणायची. तिचे बळ तिच्या हातांत होते आणि दुबळेपण तिच्या रिकाम्या कोठारात.

तुळाजी नदीकाठच्या गावांत गेला. अंबाडी पिकवणारी जेवढी घरे होती, तेवढ्यांच्या ओसरीवर बसला. "तुमचा सगळा वाख मी घेतो," तो म्हणाला. "एक जुडीसुद्धा परत न्यावी लागणार नाही. अट एकच, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

शेतकऱ्यांना ते सोयीचे वाटले. एक खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात चिमाबाई रिकामी पाटी घेऊन गावोगाव फिरली. शेवटी ती तुळाजीच्या दारी आली. तो अंगणात दोर ताणत उभा होता.

"भावजी," ती म्हणाली, "वाख कुठंच मिळेना. सगळे म्हणतात तुमच्याकडे दिलाय. मला थोडा द्या. तुम्ही म्हणाल त्या भावानं घेते."

तुळाजीने तिच्याकडे पाहिले नाही. हातातल्या दोराकडे पाहत तो म्हणाला, "मलाच पुरत नाही."

चिमाबाईला कोठाराच्या उघड्या दारातून छतापर्यंत रचलेल्या जुड्या दिसत होत्या. त्याही तिने पाहिल्या आणि त्याच्या खाली घातलेल्या मानेकडेही पाहिले. "बरं," एवढेच म्हणून ती गेली. पंधरा दिवसांत तिने परसातले खुंट उपटले आणि गोणी शिवणाऱ्या बाईकडे कामाला राहिली.

तुळाजीची बायको येसूबाई हे सारे दारातून पाहत होती. त्या दिवशी तिने नवऱ्याला वाढले, पण त्याच्याशी बोलली नाही.

आता पेठेत दोरवाला एकच उरला. सुरुवातीला तुळाजीला फार हलके वाटले. टेकाडावर जायला नको, कुणी काय वळतो याची चिंता नको. जो येईल तो आपल्याच दारात येणार. आणि आपल्याच दारात येणार म्हटल्यावर, हळूहळू, एक एक गोष्ट ढिली पडू लागली.

आधी त्याने शेतकऱ्यांचा भाव पाडला. "दुसरा कोण घेतोय तुमचा वाख?" तो म्हणाला. शेतकरी गप्प बसले. पण पुढच्या पेरणीला निम्म्या शेतांत अंबाडीऐवजी तीळ पडले. तिळाला तेली होते, आणि एक सोडून चार होते. मग वाख कमी पडू लागला, तेव्हा तुळाजीने जुन्या, कुजट, टाकून दिलेल्या दोरांचा ढीग उसवायला काढला.

"आतल्या पदरात हा भरायचा," त्याने येसूबाईला सांगितले. "वरून नवा वाख फिरवायचा. दिसणार नाही."

"तुटला तर?" तिने विचारले.

"एवढ्यात तुटत नाही. आणि तुटला तर नवा घ्यायला इथंच येतील ना?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तो स्वतःच क्षणभर थांबला. आपला बाप असे कधी बोलला नसता, हे त्याला कळले. पण बोलून गेला होता, आणि समोर काम पडले होते. येसूबाईने आतल्या पदरात जुना वाख भरला. तिच्या बोटांना त्या कुजट वाखाची घाण दिवसभर येत राहिली.

दोन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, थावरा नाईक पेठेत आला. तांडा वर घाटात सोडून तो एकटाच उतरला होता. त्याच्या अंगरख्यावर रक्त सुकले होते. त्याने बाजाराच्या मधोमध तुटलेला दोर टाकला.

"वळणावर तुटला," तो म्हणाला. "बैल गोणीसकट दरीत गेला. कासरा माझ्या भावाच्या हातात होता. भिक्याच्या. तोही ओढला गेला. झाडाला अडकला म्हणून जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली चुरा झालाय. आता तो पाय काही उभा राहायचा नाही." मग त्याने सगळ्यांकडे पाहिले. "मला भांडायचं नाही. दोर कुणाचा, तेवढं सांगा."

सारा बाजार तुळाजीकडे पाहू लागला. पेठेत दोरवाला एकच होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या घटकेला तो एवढेच म्हणाला असता, "माझा," तर पुढचे पुष्कळ काही टळले असते. पण भ्यालेल्या माणसाला जी वाट आधी दिसते तीच तो धरतो.

"चिमाबाईचा असेल," तो म्हणाला. "तिचे जुने दोर अजून फिरतात."

चिमाबाई तिथेच होती, गोणी शिवणाऱ्या बाईच्या पालाखाली. तिला पुढे बोलावले. तिने तो दोर उचलला, बोटांनी पीळ उलगडला, आतला काळपट वाख पाहिला. तिला सगळे कळले. पण तिने आरडाओरडा केला नाही. तिने दोर तुळाजीपुढे धरला.

"भावजी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "एकदा नीट बघून सांगा."

तिने त्याला आणखी एक संधी दिली होती, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळले असते. तुळाजीलाही कळले. सहा महिने त्याने तिचा एक एक पीळ पाहिला होता. पेठेत कुणी तिचा दोर ओळखू शकणार असेल तर तो तोच. त्याने दोर हातात न घेताच मान फिरवली.

"बघितला. तुझाच."

मग गर्दीच्या मागून एक बाई पुढे आली. ती येसूबाई होती. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता आणि तो सावरायचेही तिला भान नव्हते.

"नाईक, हा दोर आमचा आहे," ती म्हणाली. "आतला कुजका वाख मी माझ्या हातानं भरला. यांनी सांगितलं आणि मी भरला. वरून नवा फिरवला, कुणाला दिसू नये म्हणून. मला तेव्हाच लाज वाटली होती, पण मी बोलले नाही. म्हणून तुमच्या भावाचा पाय गेला, त्यात माझाही हात आहे."

तुळाजीला वाटले, जमीन दुभंगावी. बायकोने आपल्याला उघडे पाडले म्हणून नव्हे. तिच्या जागी उभे राहायचे काम आपले होते, आणि आपण ते एका विधवेच्या माथी मारत होतो, हे तिने सांगायच्या आधीच साऱ्या बाजाराला ठाऊक होते. त्याने नजर वर केली तर नालबंद दुसरीकडे पाहत होता. तेलीही दुसरीकडे पाहत होता. त्याचीच लाज वाटून लोक त्याच्याकडे बघणे टाळत होते.

थावरा नाईकाचा आवाज चढला नाही. "मला वाटलं होतं दोर खोटा निघाला," तो म्हणाला. "दोर खोटा निघाला तर दुसरा घेता येतो." तो वळला आणि घाटाकडे चालू लागला.

त्यानंतर नाईकाचा तांडा पेठेत आला नाही. दुसरेही आले नाहीत. दक्षिणेला दुसरा एक घाट होता. दोन दिवसांची वाट जास्त, पण तिथे चांभार चामड्याचे पट्टे करून विकत होते, आणि ते पट्टे तुटत नव्हते. त्या घाटाचा विचार तुळाजीने कधी केलाच नव्हता. चामड्याचाही नाही. चिमाबाईचे परस सोडून त्याने काहीच पाहिले नव्हते.

तांडे थांबले आणि पेठ वाळू लागली. नालबंदाची भट्टी आठवड्यातून एकदाच पेटू लागली. गोणी शिवणाऱ्या बाईने चिमाबाईला हात जोडून सांगितले की आता काम नाही. एके दिवशी नालबंद आपली ऐरण बैलावर लादून निघाला. तुळाजी वाटेत उभा होता. त्याला वाटले, हा आपल्याला शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. नालबंद म्हणाला, "जातो तुळाजीशेट, सांभाळून राहा," आणि निघून गेला. तुळाजी घरात जाऊन कोठाराच्या अंधारात तोंड झाकून रडला.

दुसऱ्या दिवशी तो चिमाबाईच्या दारी गेला. ती जात्यावर दळत होती. तो उंबऱ्याबाहेरच, जमिनीवर बसला.

"मी तुझ्यावर आळ घेतला," तो म्हणाला. "तुझा वाख मी तोडला. सहा महिने त्या टेकाडावर लपून तुझ्यावर नजर ठेवली."

"ठाऊक आहे मला," चिमाबाई म्हणाली. जाते थांबले नाही. "तुमचं पागोटं जाळीतून दिसायचं."

तुळाजीला तोंड लपवायला जागा उरली नाही. एवढे महिने तिला माहीत होते, आणि तरी ती त्याला भावजी म्हणून वाख मागायला आली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, बघून शिकतील." तिने जाते थांबवले. "भावजी, खरं सांगा, मी दोराला करंजाचं तेल लावायचे, ते तुम्ही बघितलं होतंत?"

"बघितलं. मला वाटलं, हाताला लावतेस. वाखानं हात फुटतात म्हणून."

"मिठाच्या गोणीला ओल सुटते. ते खारं पाणी दोर खातं. तेल लावलं की कमी खातं. हे मला कुणी शिकवलं नाही. मी एकदा तांड्याबरोबर घाट चढून गेले होते, दोर कुठं घासतो, कुठं झिजतो, बघायला. बैलाच्या पोटाखाली घासतो, तिथं मी एक फेर जास्त द्यायला लागले. तुम्ही माझ्याकडं बघत बसलात. मी त्या बैलाकडं बघितलं. एवढंच."

तीन पिढ्यांचा धंदा, आणि घरातले कुणीही कधी दोरामागोमाग घाट चढून गेले नव्हते.

तो नदीकाठच्या गावांत परत गेला. ज्या ओसऱ्यांवर बसून त्याने भाव पाडला होता, त्या ओसऱ्यांसमोर उभा राहून त्याने सांगितले, "माझी अट मी मागे घेतली. वाख कुणालाही द्या. चिमाबाईला आधी द्या." एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "आणि पुन्हा एकटा उरलास तर?" त्या म्हाताऱ्याने त्या वर्षी फक्त एका तुकड्यात अंबाडी पेरली. विश्वास तुकड्या-तुकड्यानेच परत येतो, आणि तुळाजीने तक्रार केली नाही.

कोठारातला निम्मा वाख त्याने चिमाबाईच्या परसात नेऊन टाकला. तिने खुंट पुन्हा ठोकले. पावसाळा संपल्यावर दोघांनी आपापले दोर बैलांवर लादले आणि दक्षिणेच्या घाटाकडे निघाले. येसूबाईही बरोबर होती.

तिथे थावरा नाईकाचा तळ पडला होता. भिक्या एका काठीला टेकून पालाबाहेर बसला होता. तुळाजी तांड्यातल्या सगळ्यांसमोर, बायका-पोरांसमोर उभा राहिला.

"मी तुळाजी दोरवाला," तो म्हणाला. "माझ्या दोरानं तुमचा बैल गेला, आणि या माणसाचा पाय गेला. आणि मी ते या बाईवर ढकललं. मी माफी मागायला आलोय."

भिक्याने काठी बाजूला ठेवली. "माफीनं पाय यायचा नाही," तो म्हणाला. "दोर दाखव."

तुळाजीने दोर पुढे केला. भिक्याने तो दोन्ही हातांनी ताणला, उलगडला, आतला पदर नाकाशी नेऊन हुंगला. मग चिमाबाईचाही तसाच पाहिला. शेवटी त्याने चिमाबाईचे दोर भावाकडे दिले आणि तुळाजीचे तुळाजीला परत केले.

"तुझाही चांगला आहे," तो म्हणाला. "पण या वर्षी मला तुझा दोर बैलाला बांधवणार नाही."

तुळाजीने दोर परत घेतले. एवढ्या लांब आणलेला माल तसाच लादून परत न्यायचा होता, आणि सगळा तांडा बघत होता. त्याने मान खाली घातली आणि म्हटले, "बरोबर आहे."

चिमाबाईच्या दोरासाठी पुढच्या वर्षी तांडा पेठेकडे वळला. चामड्याचे पट्टे टिकायचे, पण घाटातल्या ओल्या दिवसांत आखडायचे, आणि जुन्या वाटेने दोन दिवस वाचायचे. सगळे तांडे आले नाहीत. नालबंद तर कधीच परत आला नाही. पण भिक्या आला. तो पेठेतच राहिला, आणि तुळाजीनेच त्याला विनवून आपल्या अंगणात बसवले. अंगणातला एक एक दोर आधी त्याच्या हातात जाई. त्याने ताणून बाजूला फेकला की तो दोर चुलीत जाई, मग तो वळायला कितीही कष्ट पडलेले असोत. तिसऱ्या वर्षी भिक्याने तुळाजीने वळलेला एक दोर उचलला, दोनदा ताणला आणि भावाच्या बैलावर स्वतःच्या हाताने आवळला.

तुळाजी समोरच उभा होता. लोकांना वाटले, आता तरी तो हसेल. पण त्याची नजर भिक्याच्या काठीवर होती. त्याने भिक्याला आधार देऊन खाली बसवले, आणि पुढचा दोर वळायला घेतला. पलीकडे चिमाबाईच्या परसात त्या सकाळी काय चालले होते, ते त्याने पाहिले नाही. तो तांड्याबरोबर घाट चढून यायच्या तयारीला लागला होता.

तात्पर्य: प्रतिस्पर्ध्याला ओळखावे ते त्याच्याहून चांगले काम करण्यासाठी; त्याला संपवण्यासाठी जो ओळखतो, त्याचे आधी काम बिघडते आणि मग तोंड दाखवायला जागा उरत नाही.